नऊशे ग्रॅम

संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरात थोरलीला सगळे मिलीग्रॅमबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तिचं काम एवढंच, की ताटात जे जाईल ते तोलायचं आणि ताटातून जे परत येईल तेही तोलायचं. उकडलेला बटाटा एकशे चाळीस ग्रॅम म्हणजे एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस भरला तर ती सुरीच्या टोकाने तो एक ग्रॅम कातरून काढी. पाव कापताना पडलेला चुरा ब्रशने गोळा करून त्याच ताटात टाकी. परत आलेल्या ताटाच्या कडा रबरी पट्टीने खरवडी, खरवड काट्यावर ठेवी, आकडा लिही, सही करी. अकरा वर्षांत तिचा आकडा कुणी खोटा ठरवला नव्हता.

वरच्या मजल्यावर बारा माणसं मुक्कामाला होती. प्रत्येकाने गेल्या वर्षभरात स्वतःच्या हिमतीवर दहा किलोच्या वर वजन उतरवलं होतं. आता चार आठवडे त्यांनी इथेच राहायचं, इथलंच खायचं, बाहेरचा घास वर्ज्य. वय, उंची आणि वजन यांवरून एका सूत्राने प्रत्येकाचा रोजचा खुराक काढलेला होता. त्या खुराकावर वजन जिथल्या तिथे राहायला हवं होतं. हे चार आठवडे नीट पार पडले की दुसरा टप्पा सुरू होणार होता: सहा महिने, आठवड्याला एक, भूक शांत करणारं इंजेक्शन. माणसं आली होती ती त्या दुसऱ्या टप्प्याच्या आशेने.

तिसऱ्या आठवड्याची वजनं झाली आणि कागद खाली आला. अकरा जणांचे आकडे थोडेफार हलले होते, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. नऊ नंबरची बाई नऊशे ग्रॅमनी वाढली होती.

"नऊला नऊशे," आचारी म्हणाला. "नंबराला जागली बाई."

"हसण्यासारखं काय आहे त्यात? खातेय ती. बाहेरचं."

"छे हो."

"छे काय? ताट बघितलंत तिचं? तीन आठवडे खरवड शून्य. बाकीच्यांची दोन ग्रॅम, तीन ग्रॅम तरी निघते. ही चाटूनपुसून पाठवते. ताट चाटणारी माणसं बाहेरचं सोडतात होय?"

आचाऱ्याने भांडं खाली ठेवलं. "मिलीग्रॅमबाई, पंचवीस वर्षं मी लोकांना जेवताना बघतोय. चोरून खाणाऱ्याच्या ताटात उरतं. पोट आधीच भरलेलं असतं ना त्याचं. ताट चाटतो तो उपाशी असतो."

"तुमचं बघणं वेगळं आणि काटा वेगळा," थोरली म्हणाली आणि विषय तिथेच मिटवला.

मिटवण्याचं कारण होतं. नऊ नंबरची बाई तिची सख्खी धाकटी बहीण होती, आणि केंद्रात हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

नोकरीतल्या माणसाचा नातेवाईक प्रयोगात असला तर आधी लिहून द्यायचं, असा नियम होता. थोरलीने लिहून दिलं नव्हतं. धाकटी स्वतःच जाहिरात वाचून आली होती. शिवणकाम करणारी बाई; लग्नानंतर आडनाव बदललेलं, चेहरामोहरा वेगळा. थोरली काठीसारखी उभी, तर धाकटी चौदा किलो उतरवूनही दाराच्या चौकटीत भरून राहणारी. भरतीच्या दिवशी जिन्यात दोघींची गाठ पडली तेव्हा थोरलीने तिला कोपऱ्यात घेतलं.

"इथे कुणाला सांगू नकोस, मी तुझी बहीण म्हणून."

"मी कशाला सांगू? माझ्या अंगावर लिहिलंय का?"

"लिहायला जागा भरपूर आहे," थोरली म्हणून गेली.

धाकटी हसली. अशा वाक्यांवर हसायची तिला लहानपणापासून सवय होती. थोरलीने मनाला सांगितलं, की नियमाची भानगड नको म्हणून आपण हे लपवतोय. पण जिन्याच्या चार पायऱ्या उतरेपर्यंत तिलाच ते पटेनासं झालं. आचारी हिच्याकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल आणि काहीतरी बोलेल, हे तिला नको होतं. बस्स, इतकंच.

दोघी एकाच ताटातलं खाऊन वाढल्या होत्या. तरी एकीच्या अंगाला लागायचं आणि दुसरीच्या लागायचं नाही. आई धाकटीला ढब्बू म्हणायची, आणि पाहुण्यांसमोर थोरलीच्या पाठीवर हात ठेवून सांगायची, "हिचा मात्र जिभेवर ताबा आहे हं. पुढ्यात ठेवा, मागे ठेवा, ढुंकून बघणार नाही." खाऊच्या कपाटाची किल्ली म्हणूनच थोरलीच्या गळ्यात असे. धाकटी नऊ वर्षांची असताना एकदा थोरलीने तिला स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं होतं: कपाटाची मागची फळी सरकवून, डब्यात कोपरापर्यंत हात. धाकटीने शपथ घेतली होती, की मी नाही घेतलं. तोंडात बिस्किट होतं.

वजनांचा कागद आला त्या दिवशी दुपारी धाकटीची श्वासाची तपासणी होती. पलंगावर अर्धा तास निश्चल पडायचं, डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट; माणूस किती प्राणवायू ओढतो त्यावरून त्याचं शरीर किती जाळतं ते मोजतात. ही तपासणी स्वयंपाकघराच्या अखत्यारीत येत नव्हती. तिचे आकडे खाली कळवायचेच नाहीत, असा दंडक होता, म्हणजे तोलणाऱ्याच्या मनात काही भरायला नको. थोरलीने कधी विचारलंही नव्हतं. ताटात काय जातं हे तिला ग्रॅमपर्यंत ठाऊक होतं; तेवढं तिला पुरत होतं.

रिकामे पेले आणण्याचं निमित्त काढून ती नवव्या खोलीत गेली आणि धाकटीची पिशवी उघडली. मोजपट्टी, दोऱ्याची रिळं, टाचण्यांची डबी, हाताने टाके घालायला आणलेला कुणाचा तरी फ्रॉक. उशीखाली काही नव्हतं. गादीखालीही काही नव्हतं. खिडकीत पाण्याच्या चार मोठ्या बाटल्या, चारही रिकाम्या. तिने फ्रॉकची घडीसुद्धा उलगडून बघितली, आणि तेवढ्यात दार उघडलं. धाकटीच्या कपाळावर घुमटाच्या पट्ट्याचा लाल वळ होता.

"काय शोधतेयस?"

थोरलीच्या हातात फ्रॉक होता.

"खाऊ शोधतेस होय?" धाकटी हसली. "अगं मागायचंस ना. असता तर दिला असता."

"नऊशे ग्रॅम कुठून आले?"

"तेच मी तुला विचारणार होते. तूच तर तोलून घालतेस."

"म्हणून तर विचारतेय. माझ्या ताटाने कुणी नऊशे ग्रॅम वाढत नाही."

"ताई, तुझी शपथ, मी..."

"शपथा नकोत. डब्यात हात घातलास तेव्हाही शपथच घेतली होतीस."

धाकटीचं हसू गेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "नऊ वर्षांची होते मी," ती म्हणाली. "भूक लागते गं. जेवून उठते, हात धुते, आणि हात पुसेपर्यंत परत लागलेली असते. मग पाणी पिते. त्या चार बाटल्या दिवसभरात संपतात. पण काही खाल्लं नाही मी. तीनदा वजन उतरवलं, तीनदा परत आलं, ताई. या वेळी ते इंजेक्शन मिळेपर्यंत दात आवळून राहायचं ठरवलंय."

थोरलीने हे सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच वाक्य उचललं: भूक लागते. गुन्हा कबूल झाल्यासारखंच वाटलं तिला. पिशवीत काही सापडलं नाही, याचा अर्थ तिने असा लावला, की खाऊन संपवलंय.

शेऱ्याच्या कागदावर दोन चौकोन असत. 'शंका' या चौकोनावर खूण केली तर चौकशी होई, माणसाला विचारलं जाई, तोलणाऱ्यालाही विचारलं जाई. 'खात्री' या चौकोनावर खूण केली तर माणूस चौकशीविना बाद. एकाच्या चोरट्या घासाने बाराजणांचे आकडे नासायला नकोत म्हणून. थोरलीचं पेन आधी शंकेवर गेलं. मग तिच्या मनात आलं, चौकशी म्हणजे नाव, गाव, ओळख, सगळंच निघेल. तिने 'खात्री'वर खूण केली. खाली रकाना होता: कशावरून?

तिने लिहिलं: प्रत्यक्ष पाहिले.

पाहिलं होतंच. पस्तीस वर्षांपूर्वी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला कार्यालयात बोलावून निर्णय सांगितला गेला. शेरा कुणाचा, हे सांगण्याची पद्धत नव्हती. पिशवी घेऊन ती जिना उतरली, ती थेट स्वयंपाकघराच्या ताटं द्यायच्या खिडकीशी आली. आचारी तिथेच कांदा चिरत होता. तिने ताई म्हटलं नाही. दिलेला शब्द तिने तेव्हाही पाळला.

"बाई," ती थोरलीला म्हणाली, "कुणीतरी मला खाताना पाहिलंय म्हणे. तुम्ही रोज तोलता. तुम्ही तरी त्यांना सांगा ना. तुमचा काटा तरी माझ्या बाजूने असेल."

"नियम असतात," थोरली म्हणाली. तिने काट्यावरचा वाडगा उचलला, पुसला आणि परत काट्यावर ठेवला.

धाकटी आचाऱ्याकडे एक नजर टाकून निघून गेली. आचारी बराच वेळ कांद्याकडे बघत होता. "माझ्याकडे असं का बघितलं हो तिने?" त्याने विचारलं.

चार दिवसांनी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी खाली निरोप पाठवला, की आचारी आणि तोलणाऱ्या बाई, दोघांनी वर यावं. डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडम हळू बोलत, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावर दोन क्षण थांबून मगच उत्तर देत. त्या दोन क्षणांना सगळे टरकून असत.

"नऊ नंबर गेली आहे, त्यामुळे आता तुम्हाला सांगायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तिच्या श्वासाचे आकडे आलेत. सूत्राप्रमाणे तिला दिवसाला एकोणीसशे कॅलरी लागायला हव्यात. तेवढंच आपण तिला घालत होतो. तिचं शरीर प्रत्यक्षात जाळतं सोळाशे."

"तीनशे कमी?" आचारी म्हणाला. "कुठे जातात ते?"

"जातच नाहीत. साठतात. वजन उतरवलेल्या माणसाच्या शरीराला वाटतं, दुष्काळ पडलाय. ते काटकसर करायला लागतं. काहींचं थोडी करतं, काहींचं कुठल्याही कंजुषाला लाजवेल इतकी." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तर, रोजचे तीनशे, एकवीस दिवस. किती झाले?"

"सहा हजार तीनशे," थोरली म्हणाली. हिशेब तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडे.

"एक किलो चढायला साधारण सात हजार लागतात. म्हणजे तिचं वजन किती वाढायला हवं?"

आचाऱ्याने बोटांवर मोजलं आणि मध्येच थांबला. "अरे," तो म्हणाला. "नऊशे."

"आपण घातलं त्यातूनच. बाहेरचा एक घासही न खाता."

मग मॅडमनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्यावर दोन रेघा होत्या. "जठर रिकामं झालं की तिथून मेंदूला निरोप जातो, खायला घाल. घ्रेलिन म्हणतात त्याला. जेवण झालं की त्याने गप्प बसायचं असतं. चरबीकडून दुसरा निरोप जातो, लेप्टिन: साठा आहे, पुरे कर. वजन उतरलं की हा दुसरा आवाज बसतो आणि पहिला चढतो. ही वरची रेघ नऊ नंबरची. हे न्याहारीच्या आधी. ही न्याहारी झाली. ही त्यानंतर दोन तासांनी. बघा, रेघ खाली येतच नाही. तिने ताट संपवलं तरी मेंदूला ते कळलेलंच नाही. आणि ही खालची तुलनेची, जन्मजात सडपातळ माणसाची. आधीच खाली, आणि दोन घासांत जमिनीला टेकते."

खालच्या रेघेपाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तुलना, चार. केंद्रातल्या सहा सडपातळ कर्मचाऱ्यांनी गेल्या महिन्यात रक्त दिलं होतं. थोरलीच्या नळीवरची चिठ्ठी तिने स्वतःच चिकटवली होती, सरळ आहे ना ते बघून. चार.

ती रेघ ती बघत राहिली. ढुंकून न बघणारी, जिभेवर ताबा असलेली, गळ्यात किल्ली मिरवणारी मुलगी तिथे सपाट पडली होती. ताबा कसला? ओढणारंच कुणी नव्हतं, तर धरून काय ठेवलं होतं? चाळीस वर्षं लोकांनी तिचं ज्या गोष्टीसाठी कौतुक केलं, ती तिने कधी केलीच नव्हती. आणि जिने केली, ती चार बाटल्या पाणी पिऊन करत होती.

"एवढंच कोडं उरतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात शेऱ्याचा कागद होता. "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं असं लिहिलंय. काय पाहिलंत?"

खरं सांगण्याची ती वेळ होती. थोरलीने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला: "बिस्किट."

"कधी?"

"त्याच दिवशी. दुपारी."

मॅडम दोन क्षण थांबल्या. "दुपारी ती अर्धा तास घुमटाखाली होती. त्या आधी किंवा नंतर असेल. पण बाई, मी हा हिशेब चारदा केला. त्यात बिस्किटाला जागाच नाही." त्यांनी कागद परत केला. "उद्या सकाळपर्यंत नीट आठवून लिहून द्या. तुमचा आकडा अकरा वर्षांत चुकलेला नाही, म्हणून विचारतेय."

जिना उतरताना आचारी तिच्यासाठी न थांबता पुढे गेला. सगळ्यात वाईट तेच होतं. एरवी तो जिन्यात थांबून गप्पा मारी.

संध्याकाळी सहाला थोरली धाकटीच्या घरी गेली. पुढच्याच खोलीत शिलाईचं यंत्र, भिंतीवर कापायच्या कागदांचे साचे. धाकटी एका गिऱ्हाइकिणीचं माप घेत होती. "पोट आत ओढू नका," ती सांगत होती. "टेपला फसवाल हो, कापड नाही फसायचं." थोरलीला बघून तिचा चेहरा उजळला, आणि थोरलीला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

गिऱ्हाईक गेलं. टेबलावर अर्धा खाल्लेला पाव होता आणि शेजारी जॅमची बाटली, चमच्यासकट.

"बघू नकोस," धाकटी म्हणाली. "चार दिवस हेच चाललंय. आळ आलाच आहे, तर निदान खाऊन तरी घेते. बस ना. मॅडमशी बोललीस का?"

"तू काही खाल्लं नव्हतंस."

"हेच तर मी सांगत होते!"

"आज कळलं. श्वासाचे आकडे आले. तुझं शरीरच कमी जाळतं. नऊशे ग्रॅम आमच्याच ताटातले."

धाकटीने यंत्राच्या चाकावर हात टेकला. तिचे डोळे भरून आले, आणि ती हसलीही. "म्हणजे मी खोटारडी नाही. कागदावर लिहून आलंय तसं?" मग ती म्हणाली, "आणि तो मेला आचारी! चार दिवस रोज सकाळी उठून त्याला शिव्या घालतेय मी मनातल्या मनात. कशाला लिहिलं असेल गं त्याने असं?"

"त्याने नाही लिहिलं."

"मग?"

थोरलीने सांगितलं. सांगायला तीन वाक्यं लागली. तिसरं वाक्य होतं, "आणि आज परत विचारलं तेव्हाही मी खोटंच बोलले."

धाकटी ओरडली नाही. रडलीही नाही. तिने मोजपट्टी गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली, घट्ट, परत सोडून, परत घट्ट.

"खिडकीशी आले होते मी," ती म्हणाली. "तुझा काटा माझ्या बाजूने आहे म्हणाले. आणि तू वाडगा पुसत होतीस."

"हो."

"पिशवीत काही मिळालं नाही तरी?"

"हो."

"काय बघितलंस गं तू माझ्यात, एवढी खात्री पटायला?"

थोरलीला खरं उत्तर माहीत होतं, पण ते धाकटीच्या तोंडावर म्हणणं तिला जमलं नाही. तिने फक्त तुझं अंग बघितलं होतं. तेवढ्यावरच निकाल दिला होता.

"जा," धाकटी म्हणाली. "मॅडमना सांग. आणि सगळं सांग, अर्धंमुर्धं नको."

"नोकरी जाईल."

"माझं काय गेलं ते आधी तोल."

सकाळी आठ वाजता थोरली मॅडमच्या दारात उभी राहिली. आत आचारी आठवड्याची यादी द्यायला आलेला होता. मॅडम म्हणाल्या, हा जाऊ दे मग बोलू. थोरली म्हणाली, नको, राहू द्या त्याला. मग ती म्हणाली, "नऊ नंबर माझी सख्खी बहीण आहे. मी काहीही पाहिलेलं नाही."

आचाऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत थट्टेचा लवलेश नव्हता. ज्या नजरेला घाबरून तिने हे सगळं केलं होतं, ती नजर त्या माणसाकडे कधी नव्हतीच.

मॅडमनी नेहमीचे दोन क्षण घेतले, आणि नंतर आणखी काही. त्यांनी शेरा रद्द केला. पण नऊ नंबरचे तीन आठवडेही रद्द झाले. नातेवाइकाने तोललेलं ताट हिशेबात धरता येत नाही.

"माझे आकडे बरोबर आहेत," थोरली म्हणाली. तेवढं तरी उरावं असं तिला वाटत होतं.

"असतील. पण आता ते कोण मानणार?"

धाकटीला परत यायचं असेल तर पुढच्या तुकडीत यावं लागणार होतं, आणि पहिल्या दिवसापासून: पुन्हा चार आठवडे, तोच तोललेला खुराक, तीच न मिटणारी भूक. आणि त्यासाठी थोरली केंद्रात असून चालणार नव्हतं. थोरलीने तिथेच बसून राजीनामा लिहिला. यात आपण काही मोठं केलं असं वाटून घ्यायचा तिने प्रयत्न केला. जमला नाही.

धाकटीला ठरवायला नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत तिने थोरलीचा फोन घेतला नाही. दहाव्या दिवशी तिनेच केला. "जातेय मी सोमवारी. पिशवी जड आहे. येतेस का सोडायला?"

केंद्राच्या फाटकापर्यंत थोरलीने पिशवी उचलून नेली. आत जाण्याआधी धाकटी वळली. "मागच्या वेळी माहीत नव्हतं, की ही भूक कसली आहे. वाटायचं, मीच खादाड. आता माहीत आहे, तरी लागणारच आहे ती. चार आठवडे. तू एक दिवस तरी तशी राहून बघ." असं म्हणून ती गेली. ते तिने रागाने म्हटलं की सहज, हे थोरलीला कळलं नाही.

पण तिने ते मनावर घेतलं. त्याच दिवशी घेतलं. सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता, तसंच पुढे राहायचं ठरवलं. पोटात कावळे ओरडू देत, मग कळेल. घरी येऊन तिने कपाटं आवरली, जुने कपडे वेगळे काढले, नोकरीसाठी दोन अर्ज लिहिले, खिडकीच्या काचा पुसल्या. अधूनमधून ती थांबून वाट बघायची, आत काही होतंय का. आता होईल, आणखी तासाभराने होईल. मग ती खिडकीच्या खाचेतली धूळ काढायला बसली, आणि त्यात रमली.

साडेसातला फोन वाजला. मुक्कामाच्या माणसांना जेवणानंतर एक फोन करायची मुभा असे.

"जेवण झालं आमचं," धाकटी म्हणाली. "तोलणारी नवीन पोरगी आहे. तुझ्याइतकी नाही, पण ठीक आहे. तू काय करतेस? जेवलीस?"

थोरली हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. हो म्हणणं सोपं होतं. उपास केलाय तुझ्यासाठी, असंही म्हणता आलं असतं. ते तर जवळजवळ खरं होतं. पण या बहिणीशी आता खोटं बोलायचं नाही, एवढं एक तिने ठरवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. तू म्हणालीस तसं राहून बघणार होते."

"मग?"

"मग... विसरले."

"काय विसरलीस?"

"की उपाशी आहे ते."

पलीकडे पेले गोळा केल्याचा आवाज येत होता, एक दार लागलं. थोरली माफी मागायला शब्द जुळवत होती, तेवढ्यात धाकटीचा आवाज आला. त्यात राग नव्हता. परदेश बघून आलेल्या माणसाला विचारावं, तसं तिने विचारलं.

"कसं असतं गं ते?"